दुकानातून काडतुसं घेतली, आता गाडीनं घरी कशी न्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या इकडं विदर्भात बंदूक म्हटलं की ती वावराची. तूर भरली की रोही (नीलगाय), हरभरा आला की रानडुक्कर, अन् जागलीवर गेलेल्या माणसाच्या खांद्यावर आजोबाच्या काळातली बारा बोअर. लायसन काढायला लोक वर्ष वर्ष चकरा मारतात, पण काडतुसं घेऊन दुकानातून घरापर्यंतचा जो दीडदोन तासाचा रस्ता असते ना, त्याचा विचार कोणीच करत नाही, अन् मी पाहिलेले बहुतेक लफडे त्या रस्त्यातच झाले. माझ्याकडं स्वतःचं लायसन आहे, गावातल्या कास्तकारांचे कागद भरून देतो, त्यामुळं हे प्रश्न दर सीझनला येतात. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतो.

१. काडतुसं गाडीतून न्यायला वेगळं लायसन लागते का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ खाली बंदूक अन् काडतूस बाळगायचं जे लायसन तुमच्याकडं आहे, त्याच लायसनवर स्वतःच्या वापरापुरती काडतुसं स्वतः सोबत घेऊन जाता येतात. वाहतुकीचं वेगळं लायसन हा दुकानदाराचा, कंपनीचा, मालाच्या ट्रकचा विषय आहे. पण यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत, "स्वतःच्या" अन् "स्वतः". काडतूस तुमच्या लायसनवर असलेल्या बंदुकीच्याच बोअरचं (नळीच्या मापाचं) पाहिजे अन् घेऊन जाणारा माणूस तुम्हीच पाहिजे. बारा बोअरच्या लायसनवर मित्रासाठी .३२ ची चार काडतुसं आणली तर ती विनापरवाना धरली जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना काडतूस बाळगायला कमीत कमी २ वर्षं अन् जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे, दंड वेगळा.

२. दुकानातून निघायच्या आधी काय काय पाहून घ्यायचं?

इथं घाई करू नका भाऊ. दुकानदार लायसनवर नोंद करते, माल कोणी घेतला, कोणत्या जातीचं काडतूस, किती नग, कोणत्या तारखेला, अन् खाली त्याची सही. ही नोंद लायसनच्या अटीतच आहे, त्याची मर्जी नाही. पक्कं बिल घ्या, बिलावरचा आकडा, लायसनवरचा आकडा अन् डब्ब्यातली काडतुसं तिन्ही काउंटरवरच मोजून जुळवा.

माझंच सांगतो. एकदा सोयाबीन विकून आलो, त्याच दिवशी काडतुसं घेतली, दुकानात गर्दी होती, बिल मिळालं अन् मी लायसन खिशात घालून निघालो, नोंद झाली की नाही पाहिलंच नाही. पुढं नाकाबंदीत गाडी थांबवली, काडतुसं पंचवीस अन् लायसनवर शेवटची नोंद मागच्या वर्षीची. बिल होतं म्हणून केस झाली नाही, पण दुकानदाराला फोन लागेपर्यंत, त्याचं रजिस्टर जुळेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजले, बायको घरी रडकुंडीला आलेली. तेव्हापासून मी नोंद वाचल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही.

लायसनवर युआयएन नंबर (दर लायसनवाल्याला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक) आहे का हेही पाहून घ्या. जुन्या वहीवाल्या लायसनवर कित्येकांचा तो चढलेलाच नाही अन् त्याच्याशिवाय लायसन चालत नाही.

३. एका वेळी किती काडतुसं आणता येतात?

शेजाऱ्याच्या लायसनवर किती आहे ते विचारू नका, तुमच्या लायसनवर पाहा. तिथं दोन आकडे असतात, एका वेळी जवळ किती ठेवता येतात तो एक अन् वर्षभरात किती घेता येतात तो दुसरा. लोक वर्षाचाच आकडा लक्षात ठेवतात अन् तिथंच चुकतात. समजा एका वेळची मर्यादा ५० आहे अन् घरी डब्ब्यात ३२ पडलेली आहेत, तर दुकानातून १८ च आणता येतात, वर्षाचा कोटा कितीही बाकी असो. वरच्या काडतुसांना लायसनचं संरक्षण राहत नाही. म्हणून निघायच्या आधी घरची काडतुसं मोजून एका चिठ्ठीवर लिहून न्या. चालवून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या खोक्यांचं प्रश्न १५ मध्ये पाहा.

४. गाडीत ठेवायची कुठं? डिक्कीत की सीटवर?

डिक्कीतच ठेवा असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. पण काडतुसं तुमच्या ताब्यात पाहिजेत अन् दुसऱ्याच्या हाताला लागायला नको, हे दोन्ही सांभाळायचं. मी तरी कंपनीच्या डब्ब्यातच ठेवतो, तो डब्बा एका कुलूपवाल्या लोखंडी पेटीत, पेटी डिक्कीत, चाबी खिशात. काडतुसं पिशवीत खुली घालून पायाशी ठेवू नका, ब्रेक मारला की सीटखाली घरंगळतात अन् एखादं तिथंच राहून जाते (मग प्रश्न १७). पेट्रोलची कॅन, फवारणीचं औषध, बॅटरी यांच्या जवळ पेटी नको. फटफटीवर असाल तर डिक्कीला कुलूप नसते, तेव्हा पाठीवरच्या बॅगेत ठेवा, हँडलला लटकवू नका.

५. त्याच गाडीत बंदूक पण असेल तर?

तर बंदूक खाली करा, दोन्ही नळ्या उघडून डोळ्यानं पाहा, कव्हरमध्ये घाला अन् काडतुसांपासून वेगळी ठेवा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक उघडी नेता येत नाही, पूर्ण झाकलेली पाहिजे. बोलेरोच्या खिडकीतून नळी बाहेर दिसते असे फोटो पोरं स्टेटसला टाकतात, ते पाहून माझा जीव खालीवर होते. लायसन रद्द करायला तेवढा एक फोटो पुरते.

६. नाक्यावर पोलिसांनी थांबवलं तर काय बोलायचं?

पहिलेच सांगून टाका, "साहेब, माझ्याकडं लायसनचे काडतूस आहेत, आत्ताच घेतले, हे लायसन, हे बिल." त्यांनी डिक्की उघडून विचारल्यावर सांगणं अन् आधी सांगणं यात फार फरक पडते. कलम १९ प्रमाणे शस्त्र किंवा काडतूस नेणाऱ्याला लायसन दाखवा म्हणायचा अधिकार पोलिसाला आहे, त्यासाठी मोठा साहेबच लागते असं नाही. लायसन दाखवता आलं नाही तर तो माल जप्त करू शकते. कलम २० तर संशयास्पद रीतीनं नेणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करायची सोय देते, अन् संशय कधी येते, तर माणूस लपवते तेव्हा. वाद घालू नका, स्वतः पेटीत हात घालू नका, चाबी द्या नाहीतर त्यांनी सांगितल्यावर उघडा. जप्ती झालीच तर पंचनाम्याची प्रत मागा अन् त्यात नग बरोबर लिहिलेत का ते वाचूनच सही करा. गडचिरोलीकडं, राज्याच्या सीमेजवळ चेकिंग कडक असते, तिकडं जायला वेळ हाती ठेवूनच निघा.

७. लायसनची झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालते का?

त्याच्या भरवशावर निघू नका. कायदा लायसन दाखवायला सांगते, म्हणजे मूळ लायसन. झेरॉक्स घरी कपाटात ठेवा, हरवल्यावर कामी येते. नूतनीकरणाला लायसन कलेक्टर ऑफिसात जमा असेल तर त्या काळात काडतुसं आणायला जाऊच नका.

८. मी म्हातारा झालो, पोराला लायसन देऊन पाठवलं तर?

हा प्रश्न दर महिन्याला येते अन् उत्तर कोणालाच आवडत नाही. नका पाठवू.

कलम ३ मध्ये एक सवलत आहे, लायसनवाल्याच्या समोर किंवा त्याच्या लेखी परवानगीनं दुसरा माणूस बंदूक किंवा काडतूस नेऊ शकते, पण ते तीनच कामांसाठी, दुरुस्ती, लायसनचं नूतनीकरण, किंवा लायसनवाल्याच्या स्वतःच्या वापरासाठी. लोक तिसऱ्या कामाचा आधार घेतात, म्हणतात की वापर बाबाचाच आहे ना. पण एकट्या पोराजवळ नाक्यावर पंचवीस काडतुसं सापडली की तो "वापर" समजावून सांगायचं ओझं त्या पोरावर येते, त्याच्या नोकरीचं, पोलीस भरतीचं व्हेरिफिकेशन अडकते. एवढी जोखीम कशाला? बाबाला गाडीत बसवून न्या, दुकानात सही त्यांची होऊ द्या, वापस येताना ते गाडीतच असू द्या, मग तुम्ही गाडी चालवा नाहीतर जावई, काही फरक नाही. चालतच नसेल बाबाला तर रिटेनर (लायसनवाल्याच्या वतीनं शस्त्र बाळगणारा माणूस) म्हणून तुमचं नाव लायसनवर चढवायचा अर्ज करा, तो सरळ रस्ता आहे.

९. गाडी माझ्या नावावर नाही, भाड्याची आहे. अडचण?

नाही. लायसन माणसाचं असते, गाडीचं नाही. फक्त ड्रायव्हरला आधी सांगा की सोबत काय आहे, अन् उतरताना पेटी विसरू नका. काळीपिवळीत पंधरा जणांत बसून मात्र नेऊ नका.

१०. एसटीनं किंवा कुरिअरनं?

पोस्ट अन् कुरिअर अजिबात नाही, स्फोटक माल त्यात चालत नाही. एसटीत पण नेऊ नका, गर्दीत बॅग एका जागी अन् तुम्ही दुसऱ्या जागी, ताबा राहतच नाही.

११. वाटेत जत्रा किंवा बाजार लागते, थांबलं तर चालते का?

लायसनच्या अटीत लिहिलेलं आहे की जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खास परवानगीशिवाय शस्त्र शाळा-कॉलेजात, जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा सभेत न्यायचं नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला जायचं अन् येता येता चंद्रपूरहून काडतुसं, असा बेत नको. दोन कामं दोन दिवशी करा. अट मोडली तर कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अन् लायसन जायची भीती त्याहून मोठी. रस्त्यावरच्या बाजारातून गाडी नुसती जाते त्याला काही नाही. पोरीला शाळेतून घ्यायचं असेल तर आधी काडतुसं घरी ठेवून या.

अन् लग्नाच्या वरातीत नेणं तर सोडूनच द्या. आनंदात हवेत बार काढण्याला २०१९ पासून वेगळा गुन्हा केलाय, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

१२. आमच्या गावचा रस्ता जंगलातून जाते. नुसती काडतुसं आहेत, बंदूक घरी आहे, तरी काही होते का?

होते, अन् हे विदर्भातल्या लायसनवाल्यानं पाठच करावं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये "शस्त्र" या शब्दाच्या व्याख्येतच काडतूस म्हणजे दारूगोळा धरलेला आहे. अन् त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह जाता येत नाही, राष्ट्रीय उद्यानाला पण तेच लागू. म्हणजे बंदूक घरी खुंटीला टांगलेली असली अन् डिक्कीत नुसता डब्बा असला तरी जंगलखात्याच्या कायद्यानं तुम्ही शस्त्रासह आत शिरले. शस्त्र कायद्याचं लायसन तिथं ढाल होत नाही, कारण ते दोन वेगळे कायदे आहेत.

मेळघाटात परतवाडा, सेमाडोह, धारणी हा रस्ता घ्या. ताडोबा, नागझिरा, बोर, उमरेड-कऱ्हांडला या सगळ्यांच्या आजूबाजूला गावं आहेत अन् गावात लायसनं आहेत. बफरमधला (राखीव जंगलाच्या भोवतालच्या पट्ट्यातला) सगळाच भाग अभयारण्य नसते, त्यामुळं "बफर आहे म्हणजे बंद" असंही नाही अन् "डांबरी रस्ता आहे म्हणजे चालते" असंही नाही. अभयारण्याची हद्द कुठून सुरू होते हे आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) ऑफिसात नकाशावर पाहून घ्या. बाहेरून रस्ता असेल तर वीस किलोमीटर जास्त पडले तरी बाहेरून या. नसेलच, तर आधी अर्ज करून लेखी परवानगी घ्या, तारीख अन् गाडी नंबर टाकून, अन् ती लायसनसोबत ठेवा. गार्ड ओळखीचा आहे, तो सोडते, हे परवानगी नव्हे, उद्या गार्ड बदलते.

अजून एक. कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसनवाल्यानं वनखात्याकडं नाव नोंदवायचं असते. आमच्या भागात कित्येकांना हे माहीतच नाही. तुमची नोंद झाली नसेल तर काडतुसं घ्यायला जायच्या आधी हे काम करा.

अन् पिकाच्या राखणीचं लायसन म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी काढावी लागते.

१३. एमपीतलं किंवा तेलंगणातलं दुकान जवळ पडते, तिथून आणली तर?

लायसनवर क्षेत्र लिहिलेलं असते, जिल्हा, राज्य की अखिल भारत. महाराष्ट्रापुरतं लायसन असलेला वरूडचा संत्र्यावाला पांढुर्ण्याला, गोंदियाचा बालाघाटला किंवा राजुऱ्याचा आसिफाबादला जाऊन काडतुसं आणू शकत नाही, सीमा ओलांडली की तिकडं त्याचं लायसन लागू नाही. जिल्ह्यापुरतं असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानालाही हेच. अन् शॉर्टकटचं पण पाहा, काही ठिकाणी गावाचा जवळचा रस्ता दोनचार किलोमीटर दुसऱ्या राज्यातून जाते, मॅप तोच दाखवते. त्या दिवशी मॅपवर जाऊ नका. क्षेत्र वाढवून पाहिजे असेल तर तसा अर्ज करता येते, नेहमीचं जाणंयेणं आहे हे दाखवावं लागते.

भद्रावतीला किंवा भंडाऱ्याला आयुध निर्माणी आहे, तिथंच काडतूस मिळत असेल असं बरेच जण विचारतात. तिथं किरकोळ विक्री नाही, काडतूस लायसनवाल्या दुकानातूनच.

१४. निवडणुकीच्या काळात किंवा जमावबंदीत काडतुसं आणता येतात का?

लायसन चालू असलं तरी तेव्हा वेगळे आदेश लागतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ (१) किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ (आधीचं १४४) खाली शस्त्र घेऊन फिरायला बंदी येते, निवडणुकीत तर बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. बंदूक ठाण्यात अन् तुम्ही नवी काडतुसं घेऊन नाक्यावर, याचं उत्तर ठाणेदाराला काय देणार? निकाल लागू द्या, बंदूक वापस घ्या, मग जा.

१५. चालवलेल्या काडतुसांची खाली खोकी गाडीत पडलेली असतात, काही होते का?

फेकू नका अन् गाडीतही ठेवू नका. घरी डब्ब्यात मोजून ठेवा, नवीन घेताना किंवा तपासणीत हिशेब विचारतात तेव्हा तीच दाखवायची. चालवूनही न फुटलेलं काडतूस मात्र जिवंतच समजा.

१६. आपल्याकडं ४६-४७ डिग्री ऊन असते, गाडीत काडतूस फुटते का?

गाडीतल्या उन्हानं आपोआप फुटत नाही, दारू पेटायला त्याहून कितीतरी जास्त ताप लागते. पण रोज उन्हात तापणारी काडतुसं खराब होतात, वेळेवर बार लागत नाही किंवा उशिरा लागते, अन् रात्री डुकराच्या समोर ते फार वाईट. पावसाळ्यात ओल त्याहून वाईट, कागदी नळीचं काडतूस फुगून चेंबरमध्ये बसतच नाही. म्हणून घेतली की सरळ घरी, गाडी म्हणजे कोठार नव्हे. ठासणीच्या (नळीत दारू ठासून भरायच्या) बंदुकीवाल्यांनी जास्त जपा, काळी दारू ठिणगीनं पेटते, तिला स्फोटकांचा कायदा वेगळा लागतो, ती अन् टोप्या (बार पेटवणाऱ्या) कधी एका डब्ब्यात ठेवू नका अन् गाडीत बिडी ओढू नका.

१७. एक काडतूस सीटखाली राहिलं, महिन्यानं सापडलं. आता?

तुमचं लायसन चालू आहे अन् काडतूस तुमच्याच बोअरचं आहे तर उचला, घरच्या डब्ब्यात ठेवा, हिशेब जुळवा. अडचण तेव्हा येते जेव्हा ते दुसऱ्याच्या हाती सापडते, गाडी विकली किंवा तीच बॅग घेऊन भाचा नागपूर एअरपोर्टवर गेला अन् स्कॅनरमध्ये दिसलं. अशा केसमध्ये जाणीवपूर्वक ताबा होता का हे कोर्ट पाहते, सुप्रीम कोर्टानं १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात ताब्यासोबत जाणीव लागते हे सांगितलं आहे. पण ते कोर्टात गेल्यावर. त्याच्या आधी विमान जाते, ठाणं होते, वकील होते. काडतुसांची बॅग वेगळी ठेवा, ती प्रवासाला वापरूच नका.

१८. लायसनची मुदत संपली किंवा वडील वारले, घरची काडतुसं कुठं न्यायची?

मुदत आता ५ वर्षांची असते अन् नूतनीकरणाचा अर्ज किमान ६० दिवस आधी द्यायचा असते. संपून गेली असेल किंवा लायसनवाला गेला असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा लायसनवाल्या दुकानदाराकडं जमा करायची. घरात दुःख असते, तेरवीपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही, मला समजते. तरी एका जाणत्या माणसानं ठाण्यात फोन करून सांगावं की अशी अशी बंदूक अन् एवढी काडतुसं आहेत, कशी आणू. ते सांगतील तसं करा, त्यांनी माणूस पाठवला तर सगळ्यात चांगलं. न सांगता गाडीत घालून निघू नका, तुमच्या नावावर लायसन नाही. पावती जपून ठेवा, वारसाच्या अर्जाला लागते.

१९. शेजाऱ्याकडं संपली, माझ्यातली चार दिली तर?

लायसन त्याचंही असलं तरी हात उसनी देता येत नाहीत. देणं म्हणजे हस्तांतरण, त्याला शस्त्र कायद्याच्या कलम ५ ची लेखी सूचना अन् मुदत लागते. त्याला दुकानात घेऊन जा.

२०. रस्त्यात गाडी बंद पडली, रात्र झाली, किंवा गाडीच चोरीला गेली तर?

बंद पडली तर पेटी गाडीत ठेवून मेकॅनिक शोधायला जाऊ नका, मेकॅनिकला तिथं बोलवा. गाडी गॅरेजमध्ये सोडावीच लागली तर पेटी, लायसन अन् बिल सोबत घ्या अन् दुसरी गाडी बोलावून घरी जा. पाहुण्याकडं मुक्काम पडला तर पेटी कुलूप लावून तुमच्या उशाशी, लेकरांना कळूही देऊ नका. चोरी झाली किंवा काडतूस हरवलं तर ज्या हद्दीत झालं तिथल्या जवळच्या ठाण्यात ताबडतोब कळवा, ही पण लायसनची अट आहे. नग किती, डब्ब्यावरचा बॅच नंबर काय, कोणत्या तारखेचं बिल, हे सांगता आलं पाहिजे, म्हणून मी दुकानातून निघतानाच बिलाचा अन् डब्ब्याचा फोटो काढून बायकोच्या मोबाईलवर पाठवून देतो.